स्लॅबच्या आदल्या दिवशी

उद्या स्लॅब.
सळयांच्या जाळीवर उकिडवा बसून
मी पाइप बांधतोय बाइंडिंग तारेनं, सावकाश,
कारण आज चुकलं तर उद्यापासून
चुकीवर पाच इंच काँक्रीट.

खालून सुगंधाबाई तोडसाम विचारतात,
"भाऊ, हे नेट कुठून येईन?"
पंचायतीच्या खांबावरून येईल,
कडुनिंबाची फांदी चुकवत, जिन्याखाली.
जिन्याखाली राऊटर. कोळशानं भिंतीवर
चौकोनही काढून ठेवलाय मी.
सगळ्यांचा तिथंच असतो.

वाघाडेगुरुजींनी तर स्टीलच्या शोकेसमध्ये ठेवला,
दोन ट्रॉफ्या आणि एका ताजमहालामागं,
अन् मलाच विचारतात, आतल्या खोलीत रेंज काऊन नाही?
मधात नऊ इंची भिंत, मग लोखंडी कपाट, मग पाण्याची टाकी.
सिग्नल म्हणजे काही कोतवाल नाही, गुरुजी,
घरोघर दवंडी देत फिरायला.

बाई शिडीनं वर आल्या.
रिटायर नर्स. तीस वर्षं लशीचा डबा घेऊन
पोडापोडावर चढलेल्या, त्यांना शिडीचं काय.
"मले सैपाकघरात पाह्यजे."
टीव्ही तर हॉलमध्ये आहे ना, बाई?
"टीव्ही गेला खड्ड्यात. पोरगी."

मोनाली अमरावतीला, शिवणाच्या कारखान्यात.
जन्मापासून ऐकू येत नाही तिला.
मायलेकी हातानं बोलतात.
जुन्या घरात फोन एका हातात धरायचा,
म्हणजे उरलेल्या हातानं अर्धंच बोलायचं,
तोतरं.
आणि चित्र अडकलं की
पोरीचा हात हवेत तसाच राहतो.
"समजत नाही ना भाऊ,
ये म्हणते का नको म्हणते."

इतक्या घरांत तारा ओढल्या.
रेंज म्हणजे मला काड्या: तीन, दोन, एक.
अर्ध्यात थांबलेला हात
कधी मोजला नव्हता.

खाली उतरलो.
बाईंना उभं केलं, ओटा येणार तिथं,
विटांच्या चळतीपुढं.
म्हटलं, भाकर थापा.
त्यांनी हवेत थापली.
आता बोला तिच्याशी.
हात वर आले. काहीतरी लांबलचक बोलले,
शेवटी थोडे रागावलेही.
मी अर्थ विचारला नाही. टेप लावला.
फोनची फळी सव्वाचार फुटांवर.
पण उजेड पाठीमागून येत होता, चेहरा काळा.
म्हणजे ओटा फिरवा, खिडकीसमोर.
दादाराव मिस्त्री कावला,
"अबे, सैपाक करताना तोंड पूर्वेले लागते!"
बाई म्हणाल्या, "माह्यं तोंड पोरीकडं."
संपला वास्तू.

मग दुपारभर नवा रस्ता.
सैपाकघराच्या दारावर, छताला, एक वेगळा डबा,
जिन्याखालून तिथवर जाडा पाइप,
लाइटच्या पाइपपासून वीतभर दूर,
वळणं गोल, काटकोन एकही नाही.
काटकोनात तार अडते, ओढणाऱ्याचा अंगठा सोलतो.
राऊटर इन्व्हर्टरवर,
कारण तिची शिफ्ट सुटते
नेमकी आपली लाइन जाते तेव्हा.
आणि एक पाइप रिकामाच,
आत नायलॉनची दोरी, दोन्ही टोकांना गाठ.
बाईंनी विचारलं, हा कशाचा?
मलाही ठाऊक नाही म्हटलं.
पाच वर्षांनी जे काही निघेल, त्याचा.
बिलात लावला नाही.

सकाळी सातला मिक्सर सुरू झाला
अन् कोणाचं कोणाला ऐकू येईना.
मी पाइपांच्या तोंडात सिमेंटच्या पोत्याचे बोळे कोंबत होतो.
व्हायब्रेटर घेऊन दादाराव माझ्या पाइपाकडंच येत होता.
दोन्ही हात वर केले: थांब.
त्यानं बोटं फिरवली: कुठून?
मी तळवा तिरपा केला: तिकडून, हळू.
त्यानं मान हलवली, वळला.

खाली चहाची किटली घेऊन बाई उभ्या.
आमच्याकडं बघून हसत होत्या,
जसं लेकरांचं पहिलं बोबडं ऐकून
कोणी हसतं.